‘खेळणं’ नपुंसकलिंगी आहे: बडोद्यातल्या खेळणी विक्रेत्यांना खुलं पत्र

प्रति,
मांडवी, मंगळ बाजार, रावपुरा, अलकापुरी आणि मॉलमधले, बडोद्याचे सर्व खेळणी विक्रेते व वितरक यांस

विषय: दुकानांत उभ्या राहिलेल्या गुलाबी आणि निळ्या भिंतींबाबत

स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहिते आहे. तुमच्यातल्या निम्म्यांना मराठी समजतं, भाव करताना तर फारच छान समजतं, हे चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते. ज्यांना समजत नसेल त्यांना मी स्वतः येऊन गुजरातीत वाचून दाखवेन. चहा तुमचा.

माझं वय 66. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले. आमचा कारखाना क्रेन बनवायचा. शेडच्या छताखाली दोन रुळांवरून पुढेमागे सरकणाऱ्या, टनावारी माल उचलणाऱ्या. 29 वर्षं मी त्यांची ड्रॉइंगं काढली. आधी ट्रेसिंग पेपरवर शाईनं, मग अमोनियाचा वास डोळ्यांत झोंबत असताना प्रिंट काढायच्या, पुढे कॉम्प्युटर आला. हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. पुढच्या प्रसंगात लागणार आहे म्हणून सांगते.

तुमच्यापैकी एकाच्या दुकानात मी तीस वर्षं जाते. नाव लिहीत नाही, त्यांना कळेलच. माझी दोन्ही मुलं त्याच दुकानातली खेळणी मोडून मोठी झाली. तेव्हाचं दुकान म्हणजे छताला जाळीत लोंबणारे चेंडू, जमिनीवर खोक्यांच्या चळती आणि मधोमध स्टुलावर काका. वय सांगायचं, किती खर्च करायचा ते सांगायचं, की काका चळतीतून नेमकं खालचं खोकं ओढून काढायचे. काका गेले, मुलगा बसला. या पावसाळ्यात दुकान महिनाभर बंद होतं. उघडलं तेव्हा एसी आला होता, काचेचं दार आलं होतं, आणि आत शिरल्यावर डावीकडची अख्खी भिंत गुलाबी, उजवीकडची निळी. वर दिव्यांची अक्षरं: ‘गर्ल्स’, ‘बॉईज’. मधली फरशी पांढरी. तिथं आई-बापांनी उभं राहायचं असावं.

नातीचा पाचवा वाढदिवस होता. तिला अक्षरं अजून नीट लागत नाहीत, त्यामुळे ती सरळ उजवीकडे गेली. खालच्या फळीवर एक पिवळी क्रेन उघडी ठेवली होती, हातभर उंचीची. बाजूला हँडल. फिरवलं की दोरा गुंडाळत जातो आणि हुक वर येतो. तिनं फिरवलं, हुक वर आला. सोडलं, तो धाडकन खाली. पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला तिनं पायातली चप्पल काढून हुकाला अडकवली. चप्पल चार बोटं वर गेली आणि क्रेन पुढच्या बाजूला पालथी झाली. तिनं ती उचलून उभी केली, मागच्या बाजूवर डावा हात दाबून धरला आणि उजव्या हातानं हँडल फिरवलं. चप्पल वर!

क्रेनला मागे वजन का लागतं, हे शिकाऊ पोरांना समजावताना माझा अर्धा तास जायचा. हिला तिच्या चपलेनं शिकवलं.

तेवढ्यात सेल्समन आला. जेमतेम विशीचा पोरगा, बोलायला गोड. त्यानं क्रेन अलगद तिच्या हातातून घेतली आणि म्हणाला, “बेन, ए तो छोकराओनुं छे. बेबी माटे आ बाजु.” डावीकडच्या भिंतीवरून त्यानं एक खोकं आणलं. त्यात प्लास्टिकचा हेअर ड्रायर, लिपस्टिक, नेलपॉलिशच्या चार बाटल्या, मुकुट आणि पाच वर्षांच्या पावलाच्या मापाच्या उंच टाचांच्या चपला. नातीनं ते बघितलं. मग क्रेनचं खोकं बघितलं, ज्यावर दोन मुलगे क्रेन चालवत हसत होते. ते उलटंपालटं करून बघितलं. आणि मला विचारलं, “आजी, यात मुलगी का नाहीये?”

29 वर्षं क्रेन काढल्या मी. मला उत्तर सुचलं नाही.

क्रेन घेतली. बिल करताना मालकाशी बोलले. तो म्हणाला, “काकू, गिऱ्हाईकच तसं मागतं. आत येतात तेच ‘मुलीसाठी काहीतरी दाखवा’ म्हणत. आम्ही त्यांचं काम सोपं केलं.” खोटं बोलत नव्हता. मंगळ बाजारातल्या लाऱ्यांपासून (म्हणजे हातगाड्यांपासून) मॉलपर्यंत पुढच्या आठवडाभरात मी फिरून आले, आणि कमीजास्त रंगात सगळीकडे तेच दिसलं. म्हणून हे पत्र त्याच्या एकट्याच्या नावे नाही.

ड्रॉइंग ऑफिसची सवय जात नाही. वही घेऊन गेले होते. गुलाबी बाजूला काय होतं ते लिहून आणलंय: मेकअप, दागिने, स्वयंपाकघर, केर काढायचा सेट, बाहुल्या, बाहुल्यांचे कपडे, बाळाची बाटली. निळ्या बाजूला ट्रक, क्रेन, ट्रेन, रिमोटची गाडी, बंदुका, बॅट-बॉल, हत्यारांची पेटी, दुर्बीण. ठोकळे दोन्हीकडे होते. निळ्या खोक्यात चाकं होती, दातेरी चक्रं होती, काय काय बनवता येतं याची पुस्तिका होती. गुलाबी खोक्यात महाल. एकच महाल. तुकडे कमी आणि किंमत 60 रुपयांनी जास्त. विज्ञानाचे किटही दोन्हीकडे: निळ्यात ज्वालामुखी आणि रोबो, गुलाबीत अत्तर आणि साबण. अत्तर-साबण ही उत्तम रसायनं आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण एका बाजूच्या पोरांनी जग उडवायचं आणि दुसऱ्या बाजूच्या पोरींनी सुवासिक राहायचं, ही वाटणी कुणी केली? डॉक्टरच्या पेटीनं तर कहर केला. आतली सामग्री तीच, स्टेथोस्कोप तोच, गुलाबी पेटीवर मात्र ‘नर्स’ लिहिलेलं. बडोद्यात मुलींना बाळंतपणासाठी बाईच डॉक्टर शोधणारी हीच घरं, आणि पेटी मात्र नर्सची.

आता कुणी म्हणेल, आजींना एवढं काय लागलं, खेळणीच तर आहेत. तर सांगते.

2017 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या लहान मुलांवर केलेला. ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगून त्यांना विचारलं, यातलं ते माणूस कोण असेल? समोर बायका-पुरुषांची चित्रं. पाच वर्षांच्या मुली बायकांकडे बोट दाखवत होत्या, पाच वर्षांचे मुलगे पुरुषांकडे. अगदी सरळ हिशेब, आपलं ते हुशार. सहाव्या-सातव्या वर्षी मुलींचं बोट डळमळायला लागलं. आणि एखादा खेळ ‘खूप हुशार मुलांसाठी’ आहे असं सांगितलं की त्या वयाच्या मुलींना त्यात मुलग्यांपेक्षा कमी रस वाटू लागला. एका वर्षात काय होतं? शाळा असते, टीव्ही असतो, आम्ही घरातले असतो. आणि दुकान असतं, जिथं तिच्या हातातली वस्तू काढून घेऊन तिला ‘आ बाजु’ सांगितलं जातं. माझी नात पाच वर्षांची आहे. माझ्याकडे वर्ष आहे एक.

पाप आमचंही आहे, ते आधी कबूल करते. आमच्या दांडिया बाजारातल्या घरात आजीची पितळी भातुकली होती. चूल, परात, बंब, सोऱ्या, पळ्या, आणि एक दगडी जातं, तळहाताएवढं, ज्यात खरोखर तांदूळ भरडले जायचे. ती मला मिळाली. भावाला मेकॅनो मिळालं. लोखंडी पट्ट्या, भोकं, नट, बोल्ट, एक छोटा पाना. मला फक्त नट धरायला बोलवायचे. तो संध्याकाळी जुम्मादादा व्यायाम मंदिरात गेला की तासभर मेकॅनो माझं. त्या तासात मी त्याच्या पट्ट्यांचा रहाट केला होता आणि आजीच्या भातुकलीतली कळशी त्याला बांधून मोरीतल्या बादलीतलं पाणी ओढलं होतं. बोल्ट गंजले. त्याबद्दल मार खाल्ला. आज मागे वळून बघताना वाटतं, मला क्रेनच्या ड्रॉइंगपर्यंत मेकॅनोनं एकट्यानं आणलं नाही, त्या कळशीनंही आणलं. दोन्ही डबे एकत्र उघडले तेव्हा रहाट झाला.

म्हणून भातुकली बंद करा असं मी चुकूनही म्हणणार नाही. भातुकलीत माप होतं, विस्तव सांभाळणं होतं, मूठभर चुरमुऱ्यांचे सात वाटे करणं होतं. अपूर्णांक मी तिथं शिकले. खटकतं ते एवढंच की भावाला आम्ही भातुकलीत घ्यायचो ते ‘बाबा’ म्हणून, आणि बाबा ओट्यावर जाऊन बसायचा, ‘ऑफिसला’. जेवायला हाक मारली की यायचा. तेव्हा हसायचो. त्याला अजूनही चहा येत नाही, आणि वहिनी गेल्यापासून त्याचे जे हाल आहेत ते मी बघते आहे.

इथं मुलग्यांची गोष्ट येते, आणि माझं म्हणणं असं की तुमच्या भिंतीनं जास्त कोंडमारा त्यांचा केलाय. संक्रांतीला आमच्या सोसायटीत बोरन्हाण होतं. बोरं, चुरमुरे, गोळ्या डोक्यावरून ओतल्या की सगळी पोरं लुटायला धावतात, तिथं मुलगा-मुलगी कोण बघतंय? पण निघताना हातात रिटर्न गिफ्ट दिलं. तुमच्याकडूनच आणलेले तयार पॅक. मुलींना गुलाबी पिशवी, आत क्लिपा आणि चमचमते स्टिकर. मुलग्यांना निळी, आत गाडी. थोड्या वेळानं जिन्याखाली माझी नात आणि शेजारचा चार वर्षांचा मुलगा सापडले. दोघांनी पिशव्या बदलल्या होत्या. नातीच्या हातात गाडी होती, ती खुशाल वर आली. मुलानं मात्र स्टिकर शर्टाच्या आत लपवले होते. वडिलांना दिसू नयेत म्हणून.

चार वर्षांचं पोर. लपवायला शिकलं.

2021 साली लेगो कंपनीनं सात देशांतल्या मुलांना आणि पालकांना विचारून काढलेले आकडे जाहीर केले. ‘दुसऱ्या’ बाजूच्या खेळण्यानं खेळलो तर लोक चिडवतील अशी भीती 71 टक्के मुलग्यांना वाटत होती, मुलींमध्ये ती 42 टक्के होती. त्यानंतर आपल्या मालातून असले साचे काढायचं कंपनीनं ठरवलं. धंदा बुडाला म्हणून ठरवलं नाही, हेही लक्षात घ्या.

आणि मुलग्यांना स्वयंपाकघर नको, हे बडोद्यात कुठल्या तोंडानं सांगता? या शहरात लग्नाचं जेवण रांधणाऱ्याला ‘महाराज’ म्हणतात आणि तो महाराज बाई असलेला मी आजवर बघितला नाही. शेव-उसळीच्या लारीवर रश्शाचं पातेलं कोण ढवळतो? रात्री लारीभोवती उभं राहून तुम्ही-आम्ही ज्याच्या हाताची चव वाखाणतो, त्याच्या मुलानं खेळण्यातला गॅस मागितला तर दुकानात सांगायचं, ‘ए तो छोकरीओनुं छे’? पोटापाण्याचा स्वयंपाक पुरुषांचा आणि खेळण्यातला पोरींचा, असा हा अजब कारभार.

रंगाबद्दल थोडक्यात. गुलाबी रंग मुलींचा असं देवानं सांगितलेलं नाही. 1918 साली अमेरिकेत लहान मुलांच्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांचं एक मासिक छापून सांगत होतं की गुलाबी मुलग्यांना शोभतो कारण तो ठसठशीत रंग आहे, आणि निळा नाजूक म्हणून मुलींना. पुढे उलट झालं. व्यापाऱ्यांनीच सांगितलं, व्यापाऱ्यांनीच फिरवलं. आपल्याकडे तर गुलाबी फेटा बांधून वरातीत मिरवणाऱ्या मामा-काकांना कुणी हटकलेलं मला आठवत नाही. इथून जवळच्या संखेड्याचं लाखकाम घ्या, केशरी, चॉकलेटी, सोनेरी. त्यातला मुलाचा रंग कोणता, मुलीचा कोणता, एखाद्या कारागिराला विचारून बघा. तो तुमच्याकडे बघत राहील.

बाहुलीबद्दलही बोलायला हवं, कारण गुलाबी भिंतीचा मोठा भाग तिनं अडवलाय. बार्बी 9 मार्च 1959 ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या जत्रेत पहिल्यांदा दिसली. 1965 मध्ये तिच्या एका सेटमध्ये चिमुकला वजनकाटा होता, 110 पौंडांवर म्हणजे जेमतेम 50 किलोवर काटा कायमचा चिकटवलेला. 1992 मध्ये बोलणारी बार्बी आली आणि तिच्या तोंडी एक वाक्य होतं, गणिताचा तास अवघड असतो. ओरड झाली तेव्हा कंपनीनं ते वाक्य काढलं. 2016 मध्ये उंच, बुटकी, भरल्या अंगाची अशा नव्या बांध्यांच्या बाहुल्या आल्या. म्हणजे कंपन्या ऐकतात. पण उशिरा ऐकतात, आणि बडोद्याच्या फळीवर मला अजून ती भरल्या अंगाची बाहुली दिसलेली नाही, तुम्ही मागवतच नाही. आमची ठकी होती, लाकडी, रंगवलेली. कंबर म्हणून काही नव्हतंच तिला, खांबासारखी उभी. तिच्याकडे बघून कुणी पोरगी जेवायची थांबली नाही.

नियम काय सांगतात तेही बघितलं. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण सक्तीची आहे. तुम्ही ती दाखवता, चांगली गोष्ट आहे. रंगात शिसं आहे का, कड बोट कापते का, छोटा भाग गिळला जाईल का, हे तपासलं जातं. खोक्यावरचं चित्र कुणी तपासत नाही. जाहिरातींचं मात्र तसं राहिलेलं नाही. जून 2022 मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेनं स्त्री-पुरुषांच्या घातक साचेबंद चित्रणाविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्या, त्यांत लहान मुलांना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटायला लावणाऱ्या जाहिराती नकोत असं म्हटलं आहे. स्पेनमध्ये 1 डिसेंबर 2022 पासून खेळण्यांच्या जाहिरातींत मुलींना नुसती घरकामं आणि नट्टापट्टा चिकटवणं बंद झालं, तेही खेळणी बनवणाऱ्यांनी सरकारबरोबर बसून कबूल केलेल्या संहितेनं. कॅलिफोर्नियात 2024 पासून मोठ्या दुकानांना मुलगा-मुलगी न बघता मांडलेला एक तरी विभाग ठेवावा लागतो. 500 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या दुकानांना. तुमच्याकडे पाच आहेत. तुमच्यावर कायदा यायची वाट बघत बसण्याइतकं माझं वय नाही, आणि नातीचं तर मुळीच नाही.

बॅट-बॉलचं खोकं निळ्या भिंतीवर बघून मला खरं तर हसू आलं. त्यावरही मुलगाच. क्रिकेटपटू यास्तिका भाटिया या शहरात जन्मली. राधा यादव बडोद्याकडून खेळते, नोव्हेंबर 2025 मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होती. डिसेंबर 2024 मध्ये कोटंबीच्या स्टेडियमवर भारताच्या मुली वेस्ट इंडिजविरुद्ध खेळल्या तेव्हा तुमच्यातले काही जण सहकुटुंब गेले होते, फोटो पाहिलेत मी. मग दुकानात परत येऊन बॅट पुन्हा त्याच भिंतीला?

आणि हे कोणत्या शहरात चाललंय? सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मुलींना वगळलं नव्हतं. त्यांच्या दिवाणांची मुलगी हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा चालू होता तेव्हा पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्द होता. कित्येकांना तो चालत होता, त्यात बायकाही आल्याच की, असं म्हणत. हंसाबेननी तो बदलून ‘सर्व माणसं’ असा घ्यायला लावला. 10 डिसेंबर 1948 ला तो तसा मंजूर झाला. पुढच्याच वर्षी त्या इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे, तुम्ही त्याच्या समोरून रोज स्कूटर नेता. एक शब्द बदलला होता त्यांनी. मी तुमच्याकडे दोनच पाट्या उतरवायला सांगते आहे.

मराठीत ‘मूल’ नपुंसकलिंगी आहे, ‘खेळणं’ही. गुजरातीत ‘छोकरुं’ आणि ‘रमकडुं’ तसेच. काकांच्या जुन्या पाटीवर ‘रमकडां’ एवढंच लिहिलेलं होतं. व्याकरण त्यांना तुमच्यापेक्षा बरं येत होतं.

आता मागण्या. यांत बहिष्कार वगैरे काही नाही, तसलं माझ्याच्यानं होणार नाही, तीस वर्षांची उधारी-ओळख आहे.

‘बॉईज’ आणि ‘गर्ल्स’च्या पाट्या काढा. मांडणी वयानुसार आणि खेळाच्या जातीनुसार करा: बांधायचं, चालवायचं, रांधायचं, सजवायचं, मैदानावर खेळायचं. भिंतींचा रंग ठेवा हवा तर, नवीनच दिलाय, खर्च झालाय हे समजतं.

सेल्समनना एक वाक्य शिकवा. ‘मुलगा की मुलगी?’ याऐवजी ‘केटला वरसनुं? शुं गमे छे?’ (किती वर्षांचं? काय आवडतं?) आणि मुलाच्या हातातलं खेळणं, ते मोडत नसेल तर, काढून घ्यायचं नाही. या एका गोष्टीवर मी हटून बसणार आहे.

रिटर्न गिफ्टचे पॅक एकाच रंगाच्या पिशवीत, एकच सामान घालून करा. तुमचाही वेळ वाचेल, दहा गुलाबी की बारा, हा फोनवरचा घोळ मिटेल.

वितरकांना माझं वेगळं सांगणं. खोकी तुम्ही छापत नाही, कबूल. पण मुंबई-दिल्लीहून माल मागवताना ज्या डब्यावर दोघं आहेत तो डबा मागा. एक मुलगी क्रेन चालवतेय, एक मुलगा पोळ्या लाटतोय, असे डबे निघतात आता. चाकांसह ठोकळे आणि महाल यांची किंमत एकदा शेजारी ठेवून बघा, आणि जास्तीचे 60 रुपये कशाचे ते मला कळवा.

बिलिंगच्या कॉम्प्युटरमधून ‘बॉईज टॉय’, ‘गर्ल्स टॉय’ हे रकाने काढायला सांगा. तुमचा हिशेब वयानं किंवा कंपनीनंही लागेल.

हे सगळं दिवाळीआधी व्हावं. नवरात्र संपलं की तुमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे त्याआधी, एखाद्या मंगळवारी दुपारी, मी चक्कर मारीन. नातही असेल. ज्यांनी पाट्या उतरवल्या असतील त्यांच्या फळ्या लावायला मदत करीन. कुठलं खेळणं कुठल्या फळीवर याचं ड्रॉइंग काढून देईन, फुकट, स्केलमध्ये. बाकीच्यांशी चहा घेत बोलू.

आपली,
दांडिया बाजारातली एक जुनी गिऱ्हाईक

ता. क. घेतलेल्या क्रेनचा ड्रम गुळगुळीत आहे, त्यामुळे दोरा एकावर एक चढून अडकतो. खऱ्या क्रेनच्या ड्रमला दोर बसायला खाचा असतात, बनवणाऱ्याला कळवा. हँडलही पंधरा दिवसांत तुटलं आहे, बिल जपून ठेवलंय, मंगळवारी घेऊन येते. बिलावर ‘बॉईज टॉय’ छापलंय म्हणून मुलीच्या हातून मोडलेलं बदलून मिळणार नाही, असं कृपया सांगू नका.